ताकसांडे मॅडमचे पेशंट

ताकसांडे मॅडम वर्गात आल्या की बहुतेक वेळा त्या ताकसांडे मॅडम नसायच्याच. आधी दाराबाहेर चपला फरफटल्याचा आवाज यायचा, मग कुणीतरी खोकायचं, आणि डोक्यावरून पदर घेतलेली, कमरेत वाकलेली एक म्हातारी प्रॅक्टिकलच्या खोलीत शिरून थेट काउंटरशी यायची. काउंटर म्हणजे दोन जुनी टेबलं जोडून केलेला देखावा. त्यामागे लोखंडी रॅक आणि रॅकवर औषधांची रिकामी खोकी. ती खोकी मॅडमनी गावातल्या मेडिकलवाल्यांकडून मागून आणलेली होती. म्हातारी टेबलावर कोपर टेकायची, चुरगळलेली चिठ्ठी पुढे करायची आणि म्हणायची, "बाबू, ते लाल गोळी दे ना. मांगच्या खेपेले देल्ली होती ते."

पहिल्यांदा हे झालं तेव्हा टेबलामागे मी उभा होतो. मी स्वतःहून पुढे गेलो होतो. का, ते सांगायला हवं.

फार्मसीत मी चुकून आलेला डॉक्टर आहे, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा मी पहिल्यांदा देण्याआधीच हिंगणघाटच्या मामांनी मला स्टेथोस्कोप आणून दिला होता. दुसऱ्या परीक्षेचा निकाल लागल्यावर मामांनी तो परत मागितला नाही, नुसता विषय बदलला. डी. फार्मसीला प्रवेश घेतला तेव्हा आई नातेवाइकांना सांगायची, "औषधांचंच आहे. जवळपास डॉक्टरकीच." या 'जवळपास'वर मी बरेच महिने जगलो. आमचं कॉलेज हिंगणघाट रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी कपाशीची शेतं असलेल्या एका उघड्या माळावर होतं. तिथे पहिल्या दिवसापासून मी बाकीच्या मुलांकडे, आपण इथे थोडेच दिवस आहोत अशा नजरेने बघायचो. दोनदा नीट दिल्यामुळे मला शरीरशास्त्र पाठ होतं. ते कधी आणि कुणासमोर म्हणून दाखवू, असं झालं होतं. म्हातारी समोर आली आणि मी सुरू झालो.

"आजी, ही लोहाची गोळी आहे. तुमच्या शरीरात हिमोग्लोबिन कमी झालंय. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातल्या लाल पेशींमधलं प्रथिन, जे फुप्फुसांतला प्राणवायू..." मी प्राणवायू पार पेशींपर्यंत पोचवला. म्हातारी मान हलवत होती. मध्येच "हो का बाप्पा" म्हणत होती. शेवटी मी विचारलं, "समजलं ना आजी?"

"समजलं बाबू."

मी विजयी मुद्रेने वर्गाकडे पाहिलं. म्हातारीने पदर खांद्यावर घेतला, कंबर सरळ केली आणि ताकसांडे मॅडम म्हणाल्या, "दहापैकी दीड. एक गोड आवाजाचा आणि अर्धा सरळ उभं राहिल्याचा. मला एवढंच समजलं की पोराला खूप येतं. गोळी कधी घ्यायची, चहाबरोबर घेऊ की नको, संडासला काळी झाली तर घाबरू की नको, यातलं काही समजलं नाही. आणि 'समजलं ना' असं कधी विचारायचं नाही. समजलं ना म्हटलं की माणूस हो म्हणतो. गरीब माणूस तर दोनदा म्हणतो."

मी जागेवर येऊन बसलो. शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, "प्राणवायू पोचला का?"

मॅडमची जवळजवळ सगळी नोकरी सरकारी ग्रामीण रुग्णालयांत औषधाच्या खिडकीमागे गेली होती. त्यातला मोठा काळ पुलगावच्या बाजूला. त्या सांगायच्या, ती खिडकी इतकी बुटकी होती की आतून पेशंटचा चेहरा दिसायचाच नाही, फक्त हात दिसायचे. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, काम करणाऱ्याच्या नखांत कापसाचे तंतू, दारूगोळा डेपोतल्या कामगाराच्या हाताला तेलाचा वास, बांगड्या मागे सारून चिठ्ठी देणारी सून, आणि चिठ्ठी उलटी धरणारे कितीतरी. "हातानं चिठ्ठी उलटी धरली की समजायचं, लेबल वाचून दाखवण्यात अर्थ नाही. सकाळचा सूर्य काढायचा आणि रात्रीचा चंद्र काढायचा." त्या खरंच प्रत्येक पाकिटावर सूर्य नि चंद्र काढायच्या. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आमच्या कॉलेजात शिकवायला आल्या आणि येताना खिडकीपलीकडची ती सगळी माणसं बरोबर घेऊन आल्या. मिस्टर रेल्वेत होते, ते वारले होते. एकुलती मुलगी मेघा हैदराबादेत नोकरीला होती. मॅडम वर्ध्याला आर्वी नाक्याकडे एकट्या राहायच्या आणि बसने कॉलेजला यायच्या.

त्यांचे पेशंट आम्हाला पाठ झाले होते. दगडूजी नावाचे बहिरे गृहस्थ होते, त्यांना सगळं ओरडून सांगावं लागायचं आणि मग ते सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "कायची गोळी? जुलाबाची?" एक तरणी आई होती. लेकराच्या औषधाच्या पावडरीत एकदाच उकळून गार केलेलं पाणी घालून बाटली भरायची, हे तिला सांगितलं की ती रोज एकेक चमचा पावडर पाण्यात कालवायची. एक निवृत्त हेडक्लार्क होते, ते सगळं मोबाइलवर वाचून यायचे आणि आमचीच तोंडी परीक्षा घ्यायचे. पण सगळ्यांत अवघड होती सुमनबाई. सुमनबाई सगळ्याला हो म्हणायची. गोळ्या घेता? हो. रोज? रोज. जेवणानंतर? जेवणानंतरच. इतकी हसून, इतकी बिनचूक उत्तरं द्यायची की तिच्यापुढे विचारायला काही उरायचं नाही. आणि शेवटी मॅडम सांगायच्या, सुमनबाईने एकही गोळी घेतलेली नाही, सगळ्या डब्यात आहेत. वर्गातल्या कुणालाही ती एकदाही पकडता आली नाही. मी तर तिला दोन वेळा शाबासकी दिली होती.

"मग पकडायचं कसं, मॅडम?" मी एकदा चिडून विचारलं.

"पकडायचं कशाला? ती चोर आहे का?" मॅडम म्हणाल्या. "करून दाखवायला सांग. तोंडाने खोटं बोलता येतं, हातांना जमत नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण ते परीक्षेत येईल असं मला वाटलं. परीक्षेत आलं नाही. आलं ते शिकाऊ असताना, हिंगणघाटच्या एका मेडिकलमध्ये. जिनिंगमधले एक वाघमारे नावाचे काका दम्याची चिठ्ठी घेऊन आले. कॅप्सूल यंत्रात घालायची, यंत्र फिरवायचं, ती फुटली की तोंडाने पावडर जोरात आत ओढायची, असं ते औषध. मी शुद्ध मराठीत, वर्ध्याच्या आकाशवाणीवरून बोलावं तसं सगळं समजावून दिलं. काकांनी मान हलवली. मी खूश झालो. पैसे घेताना कुठूनसा तो जुना आवाज कानात आला, म्हणून केवळ उपचार म्हणून म्हणालो, "काका, आता तुम्ही एकदा करून दाखवा."

काकांनी खोकं उघडलं, कॅप्सूल काढली, जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "पानी दे न बाबू."

माझ्या तेवढ्या मोठ्या व्याख्यानातून त्यांच्यापर्यंत एक घोट पाण्याची मागणी पोचली होती. दुकानाचे मालक बिलं लावता लावता थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहू लागले. मी काउंटरच्या बाहेर आलो, काकांशेजारी उभा राहिलो आणि या वेळी तोंड बंद ठेवून यंत्र हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी हे मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की मेघाचा फोन मध्ये येत होता तोही त्यांनी कापला. "निखिल बाबू," त्या म्हणाल्या, "आता तू शिकून राह्यला." मॅडम शिकवताना छापील मराठी बोलायच्या. वऱ्हाडी बोलल्या की समजायचं, एकतर पेशंट झाल्या आहेत किंवा खूश आहेत.

इन्सुलिनचं पेन शिकवण्याचा तास मला चांगला आठवतो. टेबलावर भांडी घासायचे नवे स्पंज मांडलेले. प्रत्येकाने पेनाला सुई लावायची, दोन युनिट हवेत सोडून पाहायचे, आकडा फिरवायचा, स्पंजात सुई सरळ टोचायची, बटण दाबून सावकाश मोजत थांबायचं. मॅडम खिडकीशी उभ्या राहून पायऱ्या सांगत होत्या. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुम्ही एकदा दाखवा ना."

"मी पास झालेय. परीक्षा तुमची आहे."

"दुखतं का मॅडम?"

"मुंगी चावल्यासारखं. पुढचा नंबर."

खोलीतला प्रत्येक पेशंट स्वतः होऊन दाखवणाऱ्या बाईंनी या एका तासाला एकदाही सुई हातात धरली नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. निरीक्षण हा विषय आम्हाला नव्हता, आणि असता तर त्यातही मी दोनदा बसलो असतो.

पास झाल्यावर मला वर्ध्यातच एका मेडिकलमध्ये नोकरी लागली. मॅडम औषधं आमच्याकडूनच घ्यायच्या. मधुमेहाच्या गोळ्या बरीच वर्षं चालू होत्या. एक दिवस त्या चिठ्ठी घेऊन आल्या, तिच्यावर इन्सुलिनचं पेन होतं. "डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी भागत नाही आता," त्या अगदी सहज म्हणाल्या. मी पेन काढलं, सुयांचं पाकीट काढलं आणि गुरुदक्षिणा द्यायची संधी आली अशा थाटात म्हणालो, "मॅडम, सांगू का कसं घ्यायचं?"

"तूच ऐक," म्हणून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. टोचायची जागा रोज बदलायची. सुई दर वेळी नवी. मी हसत हसत म्हणालो, "दहापैकी दहा." त्याही हसल्या. दुकानातली दोन गिऱ्हाइकं कौतुकाने बघत होती.

त्यानंतर काही महिने गेले. मॅडम येत होत्या, गोळ्या नेत होत्या. खंगल्यासारख्या दिसायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "बरं झालं ना, पायऱ्या चढायला हलकं वाटतं." मग उजव्या पायाला पट्टी दिसली. नवी चप्पल लागली, म्हणाल्या. पुढच्या वेळी पट्टी मोठी होती. मी मलमाबरोबर निर्जंतुक कापसाचं पाकीट फुकट दिलं आणि स्वतःवर खूश झालो.

एका दुपारी हैदराबादहून मेघाताईंचा दुकानात फोन आला. आईची साखर उतरतच नाही, डॉक्टर दर खेपेला इन्सुलिन वाढवतायत, पायाच्या बोटाची जखम काळी पडायला लागलीय, ऑपरेशनचं बोलतायत. "आई म्हणते रोज न चुकता घेते. तुमच्याकडूनच नेते ना? औषध चांगल्या कंपनीचं आहे ना?" त्यांच्या आवाजात माझ्यावर संशय होता. मी दुखावलो. इन्सुलिन उत्तम आहे, आमचा फ्रिज उत्तम आहे, असं मी ठणकावून सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. पहिल्या दिवसानंतर मॅडमनी माझ्याकडे ना दुसरं पेन मागितलं होतं, ना सुया. रोज एक सुई लागते. पाकीट कधीच संपायला हवं होतं. इतके महिने त्या माझ्या समोर, काउंटरला कोपर टेकून उभ्या राहत होत्या, आणि मी त्यांना कापूस देत होतो.

भीती दुसरीच वाटली. डॉक्टर चिठ्ठीवर डोस वाढवत चालले होते आणि तो अंगात जातच नव्हता. उद्या कुणी समोर बसून तो वाढलेला डोस एकदम टोचायला लावला असता, तर साखर इतकी खाली गेली असती की त्या उठल्याच नसत्या.

मी मालकांना सांगून लगेच निघालो. मॅडम स्वयंपाकघरात पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या.

"काऊन रे, दुकान बंद हाय का आज?"

"नाही मॅडम, इकडून चाललो होतो."

"दुपारचं कोणी इकडून चालत नसते. बस."

मी बसलो. वाटेत मनात चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. म्हणालो, "मॅडम, इन्सुलिन कसं घेता, जरा करून दाखवता का?"

रागावतील असं वाटलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि पट्टीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "फ्रिजात हाय," त्या म्हणाल्या. "मांगच्या बाजूले."

लोणच्याची बरणी आणि दह्याचं भांडं बाजूला केल्यावर ते खोकं दिसलं. त्याच्यावरचा चिकटपट्टीचा गोल तसाच होता. सुयांचं पाकीटही तसंच. मी खोकं हातात घेऊन उभा राहिलो आणि काही सुचेना म्हणून त्याची मुदत वाचली. मुदत अजून शिल्लक होती.

"ते सुमनबाई होती ना," मॅडम मागून म्हणाल्या, "बाकी साऱ्या बाया मी खिडकीवर पाह्यल्या होत्या. सुमनबाई कुठं पाह्यली नाई. ते घरचीच होती."

"पण का मॅडम?"

"भेव लागते." त्या म्हणाल्या. मग जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं बोलू लागल्या. शाळेत लस टोचायला माणसं आली तेव्हा त्या मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाल्या होत्या. बाळंतपणात मेघाच्या वेळी नर्सला चावल्या होत्या. "मले नर्सिंगले नंबर लागला होता, माहीत हाय का तुले? बाप म्हणे, सरकारी नोकरी लागीन, जाय. पण तिथं सुई धरा लागते. मंग कोणीतरी सांगितलं, फार्मसीत नुसत्या गोळ्या राह्यतात. म्हणून मी फार्मसीत आली. आन् आयुष्यभर लोकांले सांगितलं, मुंगी चावल्यासारखं वाटते. मले काय माहीत मुंगी कशी चावते!"

मी म्हणालो, "मॅडम, मीही नापास होऊनच आलो फार्मसीत."

"ते तं साऱ्या कॉलेजले माहीत होतं, बाबू."

आम्ही दोघंही हसलो, पण खोकं माझ्या हातातच होतं. मी डॉक्टरांना फोन लावतो म्हणालो, खरं काय ते त्यांना कळायलाच हवं. "लाव," त्या म्हणाल्या, "पण मले बोलाले नको लावू." डॉक्टर आधी चिडले. मग वाढवलेला डोस रद्द करून त्यांनी पुन्हा अगदी सुरुवातीचा लहान डोस सांगितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावलं.

आता टोचणंच उरलं होतं. मी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. शांत आवाज, सोपे शब्द, समोर न बसता शेजारी बसणं. जखम कशी भरेल ते सांगितलं, न घेतल्यास काय होईल ते सांगितलं. त्या ऐकत होत्या. आणि माझ्याच लक्षात येत होतं की यातला प्रत्येक शब्द त्यांचाच आहे, मी त्यांना त्यांचीच शिळी भाजी गरम करून वाढतोय. शेवटी त्या म्हणाल्या, "चांगलं बोलला. पण माह्या हात थरथरून राह्यला, त्याले कोण सांगीन?"

तेव्हा मला एक कल्पना सुचली. माझ्या कल्पनांचा इतिहास पाहता मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "मॅडम, काही होत नाही. हे बघा." दुकानातून येताना नमुन्याचं रिकामं पेन खिशात टाकलं होतं. त्याला नवी सुई लावली, शर्ट वर केला, पोटाची चिमूट धरली आणि ऐटीत सुई आत घातली. खरंच काही झालं नाही. मुंगी चावल्यासारखंही नाही. मी मान वर करून मॅडमकडे बघून हसलो. मग सुई काढली आणि सहज खाली पाहिलं. पोटावर रक्ताचा एक थेंब आला होता. मोहरीएवढा.

मला एवढंच आठवतं की फ्रिजचा पांढरा दरवाजा हळूहळू वर सरकत चालला होता. प्रत्यक्षात मी खाली सरकत होतो. डॉक्टर व्हायला निघालेला माणूस मोहरीएवढ्या रक्ताने, तेही स्वतःच्या, ताकसांडे मॅडमच्या स्वयंपाकघरात फरशीवर आडवा झाला.

शुद्धीवर आलो तेव्हा माझे पाय कुणीतरी स्टुलावर ठेवले होते. तोच स्टूल, ज्यावर त्यांचा जखमी पाय होता. मॅडम भिंतीला धरून, एका टाचेवर लंगडत पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या आणि हसू दाबायचा प्रयत्न करत होत्या. "उठू नोको. पडून राह्य. सकाळपासून काई खाल्लं का नाई?" त्यांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं. "थांब, साखर देतो तुले. माह्या घरात साखर वरच्या फळीवर राह्यते, मेघानं ठेवली. आता तुह्यासाठी मी चढू का?" आणि मग त्यांना ते आवरेना. फ्रिजला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिल्या. मी फरशीवर पडल्या पडल्या म्हणालो, "मॅडम, माफ करा. मी आलो होतो तुमची भीती घालवायला."

"कोणाचं भेव घालवतं रे तू, बाबू."

हसणं थांबलं. त्या माझ्याशेजारी खाली बसल्या, पाय लांब करून. मग त्यांनी खोक्यावरचा चिकटपट्टीचा गोल नखाने काढला. नवी सुई लावली. मी काही सांगणार तोच म्हणाल्या, "तू तिकडं पाह्य. इकडं पाह्यला तं पुन्हा पडशीन." मी भिंतीकडे तोंड केलं. मागे पदर सारल्याचा आवाज आला, मग आकडा फिरवल्याची टकटक. मग बराच वेळ काहीच नाही. मग त्या वर्गात मोजायच्या त्याच आवाजात, सावकाश, एक, दोन, तीन असं मोजायला लागल्या. आवाज थरथरत होता. पण दहापर्यंत पोचला.

"झालं," त्या म्हणाल्या. आणि पेनाला टोपण लावत, "मुंगीचं मी खोटं सांगितलं साऱ्यांले. तेवढंही नाई."

त्यांचं बोट वाचलं नाही. करंगळीशेजारचं बोट काढावं लागलं. ऑपरेशननंतर मी भेटायला गेलो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, त्यांनीच आधी सांगून टाकलं, "उशीर म्या केला. तू नाई. तोंड सरळ कर." मेघाताई तिथेच होत्या. त्यांना मॅडमनी सगळं खरं सांगितलं होतं, माझं आडवं होणंही सोडलं नव्हतं. मेघाताई माझ्याशी फार आदराने बोलल्या आणि बोलताना दोनदा पाठ फिरवून खांदे हलवत राहिल्या.

पाय उरला. साखर हळूहळू उतरली. त्यांनी आणखी एक सत्र कॉलेजात शिकवलं, काठी घेऊन आणि खुर्चीत बसून. त्या वर्षीच्या मुलांकडून मला कळलं की इन्सुलिनच्या तासाला मॅडम आता स्वतः टोचून दाखवतात, खरोखरचा त्या दिवसाचा डोस, सगळ्यांसमोर. आणि त्यानंतर एका फार्मासिस्टची गोष्ट सांगतात. नाव सांगत नाहीत, पण त्याचे मामा हिंगणघाटचे आहेत आणि ते स्टेथोस्कोप आणतात, एवढे तपशील देतात.

मग मेघाताईंनी हट्टाने त्यांना हैदराबादला नेलं. सामान फार नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. मला वाटलं, आता काहीतरी कायम लक्षात ठेवण्यासारखं बोलतील. त्या म्हणाल्या, "तिकडं नवा मेडिकलवाला पाहा लागीन. त्याले मराठी येत नाई, मले तेलुगू येत नाई. आता खोटं बोलाचं म्हटलं तरी कसं बोलू?" गाडी निघाली तेव्हा त्या मागच्या सीटवरून तेलुगूत काहीतरी म्हणून दाखवत होत्या. मेघाताई पुढे मान हलवत होत्या. ते बरोबर होतं की चूक, कोण जाणे.

गेल्या महिन्यात पुलगावच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दुकानात आले. मिशा पिळलेल्या, छाती अजून कवायतीतली. चिठ्ठीवर इन्सुलिन होतं, तिसऱ्यांदा लिहिलेलं. डॉक्टरांनी खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी पेन पुढे ठेवलं. ते म्हणाले, "हो हो, घेतो मी. रोज घेतो. मालूम हाय मले सगळं." उत्तरं बिनचूक होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी काउंटरच्या बाहेर आलो, त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि हळू आवाजात विचारलं, "काका, सुईचं भेव लागते का?"

त्यांनी रस्त्याकडे एकदा पाहिलं. मिशी उगाच पुसली. "तीस वर्सं बमगोळे उचलले, बाबू," ते कुजबुजले. "कोनाले सांगू नोको."

"मले बी लागते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे खालून वर बघितलं, पांढऱ्या कोटासकट. आणि मग स्वतःच बाक ओढून त्यावर बसले.

संध्याकाळी मी हैदराबादला फोन लावून हे सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी मध्ये एक शब्दही न बोलता सगळं ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाबतीत फार झालं. मग विचारलं, "मंग? घेतलं का त्यानं?"

"घेतलं. माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं."

"रक्त आलं का?"

"आलं थोडं."

"आन् तू?"

"मी आधीच खाली बसून घेतलं होतं, मॅडम."